काचेच्या नळीतली वीस मिनिटं

साध्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त आहे. आत्ताच काढलेलं, अजून कोमट. सिस्टरने नळी स्टँडमध्ये उभी करून टेबलाच्या आतल्या कोपऱ्यात सरकवली आहे, कुणाचं कोपर लागू नये म्हणून. वर चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने वेळ : ११.४०. रात्रीचे. आता बारापर्यंत तिला हात लावायचा नाही. हलवायची नाही, उचलून दिव्यासमोर धरून ‘झालं का’ म्हणून बघायचंही नाही. बारा वाजता एकदाच तिरकी करायची. आतलं रक्त गोठलं असेल तर गुठळी जागची हलणार नाही. पाण्यासारखं वाहिलं, तर शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या अंगात बहुधा घोणशीचं विष भिनलेलं आहे.

प्रसंग मी रचलेला आहे. चाचणी मात्र खरी, आणि आपल्याकडच्या लहानमोठ्या सरकारी दवाखान्यांत रोजची. तिला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, लागते ती काच, घड्याळ आणि हात आवरून धरणारं माणूस. प्रसंगासाठी मी तंजावर निवडलं, त्याला कारणं आहेत. ती सांगायला ही वीस मिनिटं पुरावीत.

पहिलं कारण भात. तंजावर हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातलं भाताचं कोठार. मेट्टूर धरणाचं पाणी १२ जूनला सोडायचा रिवाज आहे. ते कालव्याकालव्यांतून उतरत आलं की कुरुवै, सांबा, ताळडी असे हंगाम एकामागून एक सुरू होतात. भात तिथे उंदीर, उंदीर तिथे साप, आणि साप तिथे चिखलातला अनवाणी पाय. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षाला अठ्ठावन्न हजारांच्या आसपास. त्यातली बहुतेक खेड्यांतली. त्रिभुज प्रदेशातल्या कॅज्युअल्टीत सर्पदंश ही नवलाई नसते, ती रात्रपाळी असते.

घोणशीला तमिळमध्ये ‘कण्णाडि विरियन’ म्हणतात. कण्णाडि म्हणजे काच, आरसा. चष्म्यालाही तोच शब्द. काच-सापाचं विष काचेच्या नळीत ओळखायचं हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो विसरता येत नाही.

कारण नळी काचेचीच लागते. प्लॅस्टिकच्या नळीत निकाल खोटा येतो. साबणाने धुतलेल्या काचेतही येतो. काचेच्या पृष्ठभागावर बारीकसा ऋण विद्युतभार असतो. रक्तातलं बारा नंबरचं प्रथिन त्याला टेकलं की जागं होतं, ते पुढच्याला उठवतं, तो त्याच्या पुढच्याला, आणि शेवटी रक्ताची गुठळी होते. साबणाचा पातळ थर राहिला तर पहिल्याचीच झोप मोडत नाही. या बारा नंबरच्या प्रथिनाला एका माणसाचं नाव आहे : हेजमन. जॉन हेजमन हा अमेरिकेतला रेल्वे कामगार. शस्त्रक्रियेआधी तपासायला घेतलेलं त्याचं रक्त काचेच्या नळीत गोठेच ना, म्हणून डॉक्टर चक्रावले. पण या गड्याला जखमेतून कधी जास्त रक्त गेलेलं नव्हतं! ऑस्कर रॅटनॉफ यांनी १९५५ साली त्याच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कळलं की काचेत गोठणं आणि अंगात गोठणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. हेजमन १९६८ साली वारला, आणि तोही रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकून. शरीराच्या या थट्टेला काय म्हणावं!

घोणशीचं विष मात्र अंगातल्याच वाटेवर दबा धरतं. लोक समजतात ते रक्त ‘पातळ’ करतं. करतं ते अगदी उलटं. ते गोठवणाऱ्या साखळीच्या मधल्या कडीला, दहा नंबरच्या प्रथिनाला, एकदम जागं करतं. सगळ्या शरीरभर नको तिथे, नको तेव्हा सूक्ष्म जाळी विणायचा सपाटा सुरू होतो. लग्नघरात पहिल्याच पंगतीला कोठीघर रिकामं करून टाकावं, तसा सगळा माल संपतो. मग खरोखर जखम झाली, की तिथे वाढायला काही उरत नाही. हिरड्यांतून रक्त येतं, लघवीतून येतं, सुई टोचली तिथून झिरपत राहतं. नळीतलं वाहणारं रक्त म्हणजे ते रिकामं कोठीघर.

आणि याच विषाचा थेंब पातळ करून लंडनमध्ये १९३४ साली मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी हिमोफिलियाच्या रोग्यांचं रक्त थांबवायला वापरला. आजही पुण्यामुंबईच्या प्रयोगशाळांत रक्त गोठण्याच्या एका तपासणीच्या नावात घोणस आहे.

अकरा पंचेचाळीस.

सिस्टर नळीकडे बघत बसलेली नाही. तिने पेशंटच्या पायावर पेनाने रेघ ओढली आहे, सूज आत्ता जिथवर चढली आहे तिथे, आणि रेघेशेजारी वेळ टाकली आहे. अर्ध्या तासाने दुसरी रेघ. पायच केसपेपर झाला आहे. घोट्याच्या वर कुणीतरी सुती दोरी करकचून बांधली आहे. गावात सगळीकडे बांधतात, आपल्याकडेही. नवशिक्याला वाटेल आधी ती कापावी. ती घाईने कापत नाही. दोरीखाली नाडी लागते का पाहते, हाताला सलाईन चालू करून घेते, डॉक्टर शेजारी असताना मग सैल करते, कारण अडवून धरलेलं विष एकदम वर सुटलं तर माणूस डोळ्यांदेखत कोसळू शकतो. शेवटचे केव्हा जेवलात, लघवी केव्हा झाली, रंग कसा होता, असे तिचे प्रश्न गप्पांसारखे चाललेले असतात. घोणस मूत्रपिंडं निकामी करते, म्हणून लघवीच्या पिशवीवरचा आकडा तिला बीपीइतकाच महत्त्वाचा.

पण या सगळ्याच्या आधी, दारात, तिने आणखी एक काम उरकलं आहे, आणि मला ते सगळ्यांत थोर वाटतं. या माणसाला रांगेतून पुढे घेतलं.

आपण रांगेत वाढलेली माणसं. रेशन असो, तिकीट असो, देवाचं दर्शन असो, ‘मी आधी आलो’ हा आपला न्याय. कॅज्युअल्टीच्या दारात तो न्याय पहिल्या पायरीवर काढून ठेवावा लागतो. तामिळनाडूच्या सरकारी रुग्णालयांत येणाऱ्याला लाल, पिवळा किंवा हिरवा ठरवतात. लाल म्हणजे आत्ता, या मिनिटाला. पिवळा म्हणजे थोडं थांबेल, पण लक्ष ठेवून. हिरवा म्हणजे बसून राहील. हे ठरवायला मिळतात ती दोन-चार मिनिटं, आणि हत्यारं जवळजवळ काहीच नाहीत. नखावर अंगठा दाबून सोडायचा : पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. श्वास मोजायचे, पण मनगट धरून, नाडी मोजतेय असं दाखवत. कारण श्वास मोजतायत हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. ही लबाडी नर्सिंगच्या पहिल्या वर्षातच शिकवतात. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे आवाजावर जायचं नाही. जो ओरडतो आहे त्याचा श्वास तरी चालू आहे. कोपऱ्यात भिंतीला टेकून घाम पुसत गप्प बसलेला काका, त्याच्याकडे आधी बघायचं. त्याच्याबरोबर आलेली माणसंही गप्पच असतात, आणि ओरडणाऱ्याच्या माणसांनी तोवर टेबल वाजवायला घेतलेलं असतं.

या निवडीला जगभर ‘ट्रायाज’ म्हणतात. फ्रेंच शब्द, निवडणं, पाखडणं असा अर्थ. लोकर आणि कॉफीच्या बिया निवडणाऱ्यांच्या तोंडचा शब्द माणसांवर आला तो रणांगणावर. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद दोमिनिक-जाँ लारे हा त्याचा मूळपुरुष मानला जातो. त्याआधीची रीत अशी की लढाई संपल्यावर जखमी उचलायचे, आणि अधिकारी आधी. लारेने १७९०च्या दशकात हलक्या घोडागाड्या लढाई चालू असतानाच मैदानात घातल्या, त्यांना ‘उडत्या’ गाड्या म्हणत, आणि नियम घातला की जो जास्त धोक्यात तो आधी. हुद्दा बघायचा नाही.

लारेचा जन्म १७६६चा. याच काळात, त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान असा एक मराठी माणूस तंजावरच्या गादीवर बसला होता. हे माझं दुसरं कारण.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं आणि भोसल्यांची ही शाखा तिथे पावणेदोनशे वर्षं नांदली. दुसरे सरफोजी १७९८ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने तह लिहून घेऊन राज्याचा कारभार काढून घेतला आणि किल्ला तेवढा त्यांच्याकडे ठेवला. राज्य गेलेल्या राजाने काय करावं? सरफोजींनी पुस्तकं जमवली, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला, आणि धन्वंतरी महाल काढून तिथे सिद्ध, आयुर्वेद, युनानी आणि युरोपीय वैद्यक शेजारी शेजारी बसवलं. डोळ्यांच्या विकारांवर त्यांचं खास लक्ष. त्यांच्या काळातल्या नेत्ररोग्यांच्या नोंदी आणि दुखऱ्या डोळ्यांची चित्रं सरस्वती महालात जपलेली आहेत. केसपेपरच ते, दोनशे वर्षांपूर्वीचे.

पण मला त्यांच्या डोळ्यांच्या नोंदींपेक्षा त्यांचं एक पत्र जास्त खेचतं. जानेवारी १८०१ मध्ये कंपनीचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला लिहिलेलं. विषय छत्रांचा. छत्र म्हणजे अन्नछत्र-धर्मशाळा. काशीहून रामेश्वराला जाणाऱ्या वाटेवर तंजावरच्या भोसल्यांनी ती बांधली आणि अनेकांना राजघराण्यातल्या बायकांची नावं दिली. नीडामंगलमचं यमुनांबाळ छत्र, ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र. बाकी राज्य घ्या, पण या छत्रांना हात लावू नका, असा त्या पत्राचा गाभा आहे.

आणि मग राजा सांगत सुटतो छत्रात काय काय होतं ते. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो येईल त्याला जेवण. तयार भात ज्याला चालत नाही त्याला कोरडा शिधा. लहान लेकरांना दूध. वाटेत दिवस भरलेली बाई आली तर तिचं बाळंतपण छत्रात, औषधपाणी छत्राचं, आणि बाळंतपणानंतर तीन महिने राहायची मुभा. परक्या वाटसरूचं पोर पोरकं झालं तर त्याला छत्राच्या पंतोजीच्या हवाली करून तीनदा जेवण आणि चार दिवसांनी एकदा अंगाला तेल. आजारी वाटसरूला औषध, पथ्याचं अन्न, आणि बरा होईपर्यंत मायेने, आदराने शुश्रूषा. आणि प्रत्येक छत्रात एक वैद्य : रोगांचा, सुजेचा, आणि सरपटणाऱ्या जनावरांच्या विषाचा जाणकार.

म्हणजे विष उतरवणारा माणूस राजाच्या पत्रातल्या कर्मचाऱ्यांच्या यादीत आहे! भाताच्या मुलखातल्या राजाला तो हवा हे कळत होतं.

हे पत्र विनंतीचं आहे हे विसरू नये. विनवणारा माणूस चार गोष्टी फुलवून सांगतो. जातही तिथे पुसली गेली नव्हती. वाटसरू मेला तर अंत्यसंस्कार ज्याच्या त्याच्या रीतीने, असं तेच पत्र सांगतं. तरी त्यातला एक तपशील असा आहे की तो कुणी फुलवायला म्हणून रचेल असं वाटत नाही. दिवसभर आणि रात्री उशिरापर्यंत जेवणं चालायची. मग मध्यरात्री छत्रात घंटा वाजवायचे आणि हाक द्यायचे : अजून जेवायचं कुणी राहिलं असेल तर यावं.

ही घंटा मला कॅज्युअल्टीत ऐकू येते. कारण ट्रायाज दारात एकदा करून संपत नाही. लाल-पिवळा-हिरवा ठरवला ती त्या मिनिटाची गोष्ट झाली. हिरव्या बाकावर बसवलेल्या मुलाला तासाभराने झोप आली तर ती खरीच झोप आहे का? पडल्याने डोकं दुखणाऱ्या आजी मघाशी बोलत होत्या, आता शब्द का जुळत नाहीत? म्हणून चांगली सिस्टर दर काही वेळाने थांबलेल्यांमधून फेरी मारते. कुणी बोलावलेलं नसतं. बहुतेक वेळा काही सापडतही नाही. ज्या रात्री सापडतं त्या रात्रीसाठी बाकीच्या फेऱ्या असतात.

अकरा बावन्न.

त्या जुन्या वैद्याकडे नेमकं काय होतं? एक तर ‘तंजावर गोळी’ होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती मद्रास इलाख्यात सर्पदंशावर इतकी गाजलेली होती की कंपनीने तिची कृती मिळवली. तिच्यात सोमल होता, पारा होता. कंपनीचा निसर्गशास्त्रज्ञ पॅट्रिक रसेल साप गोळा करत होता; त्याने प्राण्यांवर दंश करवून ही गोळी तपासली आणि १७९६ सालच्या आपल्या सापांवरच्या ग्रंथात तिची चर्चा केली. घोणशीला इंग्रजीत ज्या रसेलचं नाव आहे तो हाच. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो पुरेसं विष सोडतोच असं नाही. कोरडे दंश बरेच असतात. सोमल खाऊनही जे वाचले ते मुळात वाचणारेच होते, आणि गोळीचं नाव झालं. कुठल्याही मंत्राचं, जडीबुटीचं असंच होतं.

खरा उतारा शंभर वर्षांनी आला, १८९०च्या दशकात, आल्बेर काल्मेतच्या हातून. घोड्याला विष थोडं थोडं वाढवत टोचायचं, त्याच्या रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्यं काढायची. आपल्याकडे परळच्या हाफकिनने हे काम दशकानुदशकं केलं. आणि त्यासाठी लागणारं विष पुष्कळसं येतं तामिळनाडूतून, चेन्नईजवळच्या वडनेम्मेलीच्या इरुळर लोकांच्या सहकारी संस्थेकडून. इरुळर हे पिढीजात साप पकडणारे. सापाच्या कातड्याच्या व्यापारावर बंदी आली, पोट गेलं, तेव्हा १९७८ साली संस्था निघाली. ते साप धरतात, काही दिवस ठेवून विष काढतात, परत रानात सोडतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष तिथून निघतं, घोड्यातून जातं आणि पांढऱ्या भुकटीच्या कुपीत बंद होऊन पुन्हा एका भाताच्या शेतापाशी येतं.

ती कुपी उघडली की पुन्हा सिस्टरच. भुकटीत पाणी घातल्यावर नवखा हात ती खुळखुळवतो. मग फेस होतो, आणि फेसातलं औषध वाया. कुपी दोन तळव्यांत धरून हळू गोल फिरवायची, रवीसारखी. सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. एकेक अशी फिरवत बसायचं. घोड्याचं प्रथिन माणसाच्या शरीराला परकं, म्हणून सलाईनमधून ते सुरू करण्याआधी ॲड्रेनलिनची सुई भरून उशाशी ठेवायची आणि पहिला काही वेळ खाट सोडायची नाही. छातीवर एक गांधी उठली, घशात खाजल्यासारखं झालं, पोटात कळ आली, की मांडीत ॲड्रेनलिन. आणि एक गोष्ट प्रत्येक आईला चुकीची वाटते : चार वर्षांच्या पोरालाही मोठ्या माणसाइतकाच डोस. सापाने वय विचारून विष सोडलेलं नसतं.

या नळीची एक मर्यादा आहे. ती घोणस आणि फुरसं यांच्याबद्दलच बोलते. मण्यारीबद्दल ती मुकी.

मण्यार रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही, खूणही सापडत नाही. माणूस पहाटे उठतो तो पोट दुखतंय म्हणत. रक्त नळीत छान गोठतं. ॲसिडिटी म्हणून घरी पाठवलेली अशी माणसं असतात. त्यांना पकडणारी नजर पापण्यांकडे जाते. ‘वर बघा.’ कपाळाला आठ्या पडतात, पण पापण्या अर्ध्यावरच राहतात. ‘एका श्वासात आकडे म्हणा.’ मघाशी पंचवीसपर्यंत गेलेला माणूस आता बारावर अडकतो. ही नर्सची चाचणी. काडीमात्र खर्च नाही, आणि श्वास बंद पडण्याची वर्दी ती आधीच देते.

पुढे जे घडतं त्याने माझ्या अंगावर काटा येतो. मण्यारीचं विष मज्जातंतूंची स्नायूला टेकलेली टोकंच मोडून टाकतं. एकेक स्नायू सुटत जातो. शेवटी माणूस पूर्ण निपचित : पापणी हलत नाही, बाहुली उजेडाला दाद देत नाही, श्वास नाही. मेंदू मेला असं कुणालाही वाटावं. आणि तो आत पूर्ण जागा असू शकतो. ऐकतो आहे. खाटेपाशी कुणी म्हणालं की आता काही खरं नाही, तर तेही.

प्रतिविष मोडलेली टोकं जोडत नाही. ती आपोआप पुन्हा वाढतात, दिवसादिवसांनी. तोवर कुणीतरी त्याच्या वतीने श्वास घेत राहायचं, एवढंच. व्हेंटिलेटर असेल तर व्हेंटिलेटर, तो येईपर्यंत अँब्यू बॅग, हाताने दाबायची रबरी पिशवी. कोपनहेगनमध्ये १९५२ साली पोलिओची साथ आली तेव्हा यंत्रं पुरेनात, म्हणून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे मुलांना हाताने श्वास दिला. त्यानंतर चार वर्षांनी डेन्मार्कमध्येच ही पिशवी घडली. डेन्मार्कशी तंजावरचं नातं जुनं आहे : तंजावरच्या नायक राजाने डेन्मार्कला तरंगंबाडीचं बंदर दिलं ते १६२० साली. त्याच बंदरात १७५० साली आलेला जर्मन मिशनरी श्वार्ट्झ पुढे पोरवयाच्या सरफोजींचा गुरू झाला. तंजावरच्या शिवगंगा तळ्याकाठच्या चर्चमध्ये फ्लॅक्समनने घडवलेलं संगमरवरी शिल्प आहे : श्वार्ट्झ मरणशय्येवर, आणि शेजारी उभ्या तरुण सरफोजींनी त्याचा हात हातात घेतलेला. राजांच्या शिल्पांत राजा घोड्यावर असतो, सिंहासनावर असतो. रोग्याच्या उशाशी उभा असलेला मी दुसरा पाहिलेला नाही.

निपचित माणसाच्या खाटेपाशी नर्स तेच करते. डोळे कोरडे पडून बुबुळाला इजा होऊ नये म्हणून थेंब घालून पापण्या हलकेच चिकटपट्टीने मिटते, आणि सांगते की मिटते आहे. कुशीवर वळवण्याआधी सांगते. आज वार कुठला, बायको बाहेर बसली आहे, श्वास आम्ही देतोय, पाचव्या-सहाव्या दिवशी बोट हलेल. उत्तर येत नाही. तरी सांगते.

अकरा सत्तावन्न.

या जिल्ह्याने असे दिवसही पाहिले आहेत जेव्हा ट्रायाजचा नियमच उलटा करावा लागतो. १९९२ साली कुंभकोणमच्या महामहम उत्सवातली चेंगराचेंगरी, १९९७ साली बृहदीश्वराच्या आवारातली आग, आणि १६ जुलै २००४, कुंभकोणमच्या शाळेतली आग, ९४ मुलं. एरवी सगळ्यांत अत्यवस्थ तो पहिला. पण एकाच वेळी शंभर जखमी आले आणि हात दहा असले, तर जो काही केलं तरी वाचणार नाही त्याला बाजूला ठेवून, जो वाचेल त्याच्याकडे वळायचं, अशी शिकवण आहे. त्याला काळी पट्टी. ती बांधणाऱ्या हाताबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही.

तामिळनाडूने गेल्या काही वर्षांत आपल्या अपघात विभागांची नव्याने घडी बसवली. रुग्णवाहिका वाटेत असतानाच रुग्णालयाला वर्दी, दारात तीन रंग. १०८ तिथे २००८ साली सुरू झाली, आपल्याकडे २०१४ साली. त्यांच्या योजनेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की ‘ताय’ असं वाचता येतं. तमिळमध्ये ताय म्हणजे आई. मराठी कानाला ते ‘ताई’ ऐकू येतं. दोन्ही चालेल. आणि डिसेंबर २०२१ पासून रस्त्यावरच्या अपघातात सापडलेल्याला पहिले ४८ तास योजनेतल्या रुग्णालयांत मोफत उपचार आहेत. तो कुठल्या राज्याचा, कुठल्या देशाचा, हे विचारायचं नाही. हद्दीत जखमी झाला एवढं पुरे. रामेश्वराच्या वाटेवर कोसळलेला मराठी वाटसरू आजही तिथे परका ठरत नाही. सरफोजींच्या पत्रात वाटसरूसाठी जे होतं ते इतकं सरळ इथे आलं आहे का, हे इतिहासकारांनी सांगावं. वाट तीच आहे एवढं खरं.

बारा.

सिस्टर नळी उचलते. दोन बोटांत, तोंडाकडून धरून, हळू तिरकी करते. गडद लाल पातळी काचेवरून सरळ पुढे येते आणि काठाशी डुचमळते.

‘अक्का, काय झालं?’ खाटेवरचा विचारतो.

ती त्याच्या खांद्यावर हात ठेवते आणि औषध चालू करतोय म्हणून सांगते. डॉक्टरांना हाक जाते. पहिली कुपी तिच्या तळव्यांत फिरायला लागते. केसपेपरवर ओळ चढते : १२.००, गोठलं नाही. त्याखाली पुढची वेळ, सकाळचे सहा. तेव्हा दुसऱ्या काचेच्या नळीत पुन्हा दोन मिलिलिटर. आठवी कुपी विरघळेपर्यंत साडेबारा होतात. मग ती बाहेरच्या बाकांवर अजून कोण बसलं आहे ते बघायला जाते.